पक्षी आल्याची तारीख सगळेच लिहितात, गेल्याची कोण लिहितं? (ठाणे खाडी, फाल्गुन-चैत्र)

खाडीकाठचा (ऐरोली)

मंडळी, होळी झाली. खाडीवरचा गारवा संपला, साडेआठलाच बंधाऱ्यावर डोकं तापायला लागलं. नेमक्या याच दिवसांत माझ्या वहीत दर वर्षी एक भोक पडतं, त्याबद्दल विचारायचं आहे.

गेली चार वर्षं मी दर रविवारी ऐरोलीच्या बाजूला खाडीच्या बंधाऱ्यावर एका ठरलेल्या जागी उभा राहून दोन तास पक्षी मोजतो. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे मुलुंड-भांडुपच्या बाजूपर्यंत सगळा चिखल स्वच्छ दिसतो. ऑक्टोबरची पानं उघडली की छान वाटतं. 'थापट्या, 11, या मोसमातले पहिले' आणि भोवती लाल पेनाने गोल. (थापट्या म्हणजे थंडीत येणारं रुंद चोचीचं बदक.) असे गोल पहिल्या कुरवाला (सीगलला) आहेत, पहिल्या फ्लेमिंगोला आहेत.

पण थापट्या गेले कधी? गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी चाळीस होते. तिसऱ्या रविवारी मावसभावाचं लग्न होतं. चौथ्या रविवारी एकही नाही. म्हणजे मधल्या चौदा दिवसांत कधीतरी उठले आणि गेले. पाहुणा येताना बेल वाजवतो. हे जाताना 'येतो हं' सुद्धा म्हणत नाहीत.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती 1987 पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांचा ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो, तेव्हाही बंधाऱ्यावर गर्दी असते. त्यानंतर ऊन वाढतं, परीक्षा येतात आणि खाडीकाठी शुकशुकाट होतो. परतीचा सगळा प्रवास तर त्यानंतरच सुरू होतो ना?

तर विचारायचं हे: गेल्याची नोंद तुम्ही कशी ठेवता? आणि आठवड्याचा एकेक वार कुणी वाटून घेईल का? रविवार माझा.

येऊरची माई

किती छान विषय काढलास रे. मी खाडीवर फारशी येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण आमच्या येऊरच्या पायथ्याशी भोरड्यांचं, त्या थंडीत येणाऱ्या गुलाबी मैनांचं, हेच होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलले की सकाळी झाडावर असा कालवा असतो की चहा घेताना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. एप्रिलमध्ये एक दिवस अचानक शांत वाटतं. मी दोन-तीन दिवसांनी म्हणते, 'अगं बाई, गेल्या वाटतं.' दिवस मात्र कधीच सांगता येत नाही.

यंदापासून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी रोज भोरडीचा 'भ' लिहीन. ज्या दिवशी 'भ' नाही तिथे फुली.

तुतवारप्रेमी

माई, तुमच्या त्या फुलीला 'भ'पेक्षा जास्त किंमत आहे.

खाडीकाठचा, उत्तर तिथेच आहे. नाही दिसला हेही लिहायचं. थापट्या दिसले नाहीत म्हणून ती ओळच वहीत आली नाही, तर पुढे वाचणाऱ्याला कसं कळणार की पक्षी नव्हते की तू त्या दिवशी बघितलंच नाहीस? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना शेवटी विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का. तिथे 'हो' म्हणता आलं पाहिजे, म्हणजे यादीत नसलेल्या पक्ष्याचाही अर्थ लागतो.

सगळे एकदम जात नाहीत, हेही लक्षात ठेव. ढोबळमानाने बदकं आधी हलतात, फेब्रुवारीच्या शेवटापासून. मग कुरव. चिखलातले छोटे पक्षी, म्हणजे तुतवार, टिलवे, चिखल्या, एप्रिल ते मेच्या सुरुवातीपर्यंत. फ्लेमिंगो सगळ्यात शेवटी, पाऊस तोंडावर आला की. फ्लेमिंगो दिसतायत म्हणजे मोसम चालू आहे, या समजुतीत आपण बाकीच्यांचं जाणं हुकवतो.

बुधवार मी घेतो.

दिव्याचा नाखवा

आमच्या दिवा कोळीवाड्याच्या समोरची गोष्ट चालली आहे म्हणून लिहितो. तुम्ही लोक रविवारी सात म्हणजे सातला येता. पक्षी घड्याळ बघत नाय, पाणी बघतात. भरलेल्या खाडीत येऊन काय मोजणार? चिखल पाण्याखाली, पक्षी कुठंतरी उंचवट्याला दाटीवाटीनं बसलेले. सुकती, म्हणजे ओहोटी लागली, पहिला चिखल उघडा पडला की समोर उतरतात. ती वेळ धरा. अजून सुकलं की पाण्यामागं लांब जातात, मग दुर्बिणीत नुसते ठिपके.

आमचे बाबा तिथीवरून सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अष्टमीला भांगाची भरती, पाणी जास्त चढत नाय, जास्त उतरत नाय. पुनव-अवसेला उधाण, तेव्हा चिखल लांबपर्यंत उघडतो.

आकडेमोड

नाखवा, हे गणित सोडवून बघितलं, फार सुंदर आहे. चंद्रामुळे भरती रोज साधारण 48 ते 50 मिनिटं पुढे जाते. पाऊण तास म्हणजे 45. तोंडी हिशेबाला याहून सोपं काय असणार? फक्त रोज तीन-चार मिनिटं मागे पडत जाऊन पौर्णिमेला सव्वाअकरा उत्तर येतं, प्रत्यक्षात बाराच्या आसपास असते. म्हणून पंधरवड्याच्या शेवटी शेवटी थोडा वेळ वाढवून धरायचा. शिवाय भरतीच्या छापील वेळा मुंबई बंदराच्या असतात, खाडीत वरच्या अंगाला पाणी पोचायला आणखी वेळ लागतो.

दिव्याचा नाखवा

बाबा पण पुनवेला 'बारा धर' असंच बोलायचे. आता कळलं का ते.

नवी दुर्बीण

नमस्कार, मी सीवूड्सला राहते, दोन महिन्यांपूर्वी दुर्बीण घेतली. प्रश्न कदाचित चुकीच्या धाग्यावर विचारतेय. काल टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर एक पक्षी बघितला. साळुंकीपेक्षा लहान, चोच लांब आणि टोकाला खाली वळलेली, पाय काळे. पोटावर विटकरी रंगाचे डाग, कुणी भिंतीला रंगाचा पहिला हात अर्धवट मारून ठेवावा तसे. बाकीचे त्याच्यासारखेच पण राखाडी-पांढरे. आजारी असेल का?

तुतवारप्रेमी

अगदी याच धाग्यावर विचारायचा प्रश्न आहे! आजारी नाही, निघायच्या तयारीत आहे. तो कर्ल्यू सँडपायपर, वाकड्या चोचीचा तुतवार. थंडीभर आपण त्याला राखाडी कपड्यांत बघतो. मार्चपासून पिसं बदलतात आणि एप्रिलच्या शेवटी जे उरलेले असतात ते मानेपासून पोटापर्यंत विटेसारखे लाल होतात. उत्तर सायबेरियाच्या टुंड्रात जाऊन घरटं करायचं असतं, त्याची ही वेशभूषा. दिवस मोठा होत जातो तसे त्याच्या शरीरात संप्रेरकं बदलतात, पिसं बदलतात आणि भूक प्रचंड वाढते. प्रवासाला लागणारी चरबी याच चिखलातल्या किड्यांवर आणि कृमींवर साठवायची असते. लिटिल स्टिंट, आपला छोटा टिलवा, एरवी पंचवीस-तीस ग्रॅमचा. तोही असाच भरतो आणि तितकाच लांब जातो.

म्हणून म्हणतो, नुसती संख्या नको. शंभरातले किती लाल झालेत तेही लिहा. जाण्याची चाहूल आकडा घसरायच्या आधी रंगात दिसते.

वाशी पुलावरून रोज

कुरवांचंही तसंच. थंडीत काळ्या डोक्याच्या कुरवाला कानामागे फक्त एक ठिपका असतो, नाव आणि पक्षी यांचा मेळच लागत नाही. मार्चमध्ये एकेकाच्या डोक्यावर गडद टोपी चढायला लागते. लोकलच्या दारातून एवढंच टिपतो: टोपीवाले जास्त की बिनटोपीचे. गेल्या आठवड्यात टोपीवाले जास्त झाले.

शंका विचारतो

सगळ्यांचा उत्साह चांगला आहे, पण एक मनापासून विचारतो. हे मोजून नेमकं काय साधतं? 1959 साली सालिम अलींनी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम सुरू केलं, तिथे संस्था होती, माणसं होती. 2022 मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) याच खाडीत सहा फ्लेमिंगोंना जीपीएस लावले, पक्षी गुजरातकडे कसे जातात ते नकाशावर दिसलं. आता उपग्रह सांगतो तो कुठे आहे ते. मग वही घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचं काम उरलं का?

तुतवारप्रेमी

उरलं, आणि वाढलं. जीपीएस सहा पक्ष्यांचं सांगतो, बाकी हजारोंचं कोण सांगणार? पंचवीस ग्रॅमच्या टिलव्यावर ते यंत्र बांधायचं म्हणजे त्याच्या पाठीवर केवढं ओझं. शिवाय यंत्र 'तो इथून निघाला' एवढंच सांगतं. त्याच दिवशी इथे चिखल किती होता, कुत्री होती का, पाणी कुठे तुंबलं होतं, हे काठावरच्या माणसाला दिसतं.

2015 मध्ये ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेली. अशा वेळी इथे कोणते पक्षी, किती आणि कधी असतात हेच विचारतात. वर्षानुवर्षं कुणीतरी मोजलं असेल तरच सांगता येतं.

एल्बेकाठचा मराठी

हॅम्बुर्गहून लिहितोय. शंका विचारतो यांचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

उत्तर समुद्रात हेल्गोलांड नावाचं बेट आहे. मुख्य बेट जेमतेम चौरस किलोमीटरभर, तांबड्या कड्यांचं. तिथे 1910 पासून पक्षी केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बोटीने गेलो होतो. समुद्र ओलांडून दमलेले पक्षी त्या एवढ्याशा जमिनीवर उतरतात. केंद्राच्या आवारात झुडपं लावली आहेत आणि त्यांच्यावरून जाळीचा मोठा नरसाळ्यासारखा बोगदा केला आहे. तोंड रुंद, पुढे निमुळता होत होत शेवटी पेटी. माणसं झुडपांतून हळूहळू चालत येतात, पक्षी पुढे सरकत पेटीत जातो. मग पायात कडं, पंखाचं माप, वजन, आणि हातावरून सोडून देतात. माझ्यासमोर एक रॉबिन सोडला, तो क्षणभर त्या बाईंच्या बोटांवरच बसून राहिला होता.

मला भावली ती त्यांची शिस्त. पाऊस असो, पक्षी नसोत, फेऱ्या ठरल्या म्हणजे ठरल्या. 1960 पासून साधारण एकाच पद्धतीने हे केल्यामुळे पुढे अभ्यासकांना दाखवता आलं की बरेचसे पक्षी वसंतात पूर्वीपेक्षा लवकर तिथून जाऊ लागलेत. एका वर्षाच्या वहीतून हे दिसलं नसतं. बोगद्यात चालणारा प्रत्येक माणूस शास्त्रज्ञ नव्हता, कितीतरी स्वयंसेवक होते. तुमचा बंधारा तेच काम करू शकतो, आणि तिथे तर पक्ष्याला हातही लावायचा नाही.

शंका विचारतो

पटलं. लिहिल्याबद्दल आभार. शुक्रवारी मला सकाळी उशिरा कामावर जायचं असतं. शुक्रवार लिहा माझ्या नावावर.

नवी दुर्बीण

पण हजार पक्षी मोजायचे कसे? मी दहापर्यंत पोचते, तोवर सगळे उडतात.

गणिताची बाई (कोपरी)

माझ्या शाळेतल्या मुलांना शिकवते ते सांगते. काळ्या कापडावर मूठभर तांदूळ टाकायचे. तीन सेकंद बघायचं, आकडा कागदावर लिहायचा, मग खरंच मोजायचे. पहिल्या दिवशी मुलं दोनशे दाण्यांना सत्तर-ऐंशी म्हणतात. आपला डोळा गर्दीला नेहमी कमीच मोजतो. आठवडाभर रोज पाच वेळा केलं की अंदाज जवळ यायला लागतो.

खाडीवर तसंच. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात भरून घ्यायचं, मग तेवढे गठ्ठे थव्यावर टाकत जायचे. फ्लेमिंगो असतील तर शंभराचा गठ्ठा. उडत असतील तर पुढच्या टोकापासून, पक्षी ज्या दिशेने चाललेत त्याच्या उलट सरकायचं.

तांदूळ नंतर धुऊन भात लावायचा, वाया घालवायचे नाहीत.

घणसोलीकर

अवांतर होईल, तरी विचारतो. माझ्या मुलाला खाडीवर कुरवांना गाठी-शेव घालायला फार आवडतं. हवेतल्या हवेत झेलतात. त्यामुळे त्याला पक्ष्यांची गोडी लागली. मागच्या रविवारी एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर ओरडून आमची पिशवी काढून घेतली. पोरगं रडलं. हे बरोबर आहे का?

तुतवारप्रेमी

ओरडणं चूक. पण गाठी-शेवही चूक, हे स्पष्टच सांगतो. तपकिरी डोक्याचा कुरव इथून लडाख-तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांवर जाऊन पिल्लं करतो. निघायच्या आधी त्याला मासे, कोळंबी हवी. तळलेलं, खारट बेसन त्याच्या पोटात गेलं तर भूक भागते आणि हवं ते मिळत नाही.

येऊरची माई

घणसोलीकर, पोराचं नाव लावा मोजणीत. झेलणारे कुरव बघायचा आनंद घेतलाय त्याने, आता 'टोपीवाले किती, बिनटोपीचे किती' हे काम द्या. माझ्या नातवाला मी असंच काम दिलं होतं, तेव्हा पिशवी आपोआप विसरला.

घणसोलीकर

माई, हे करून बघतो. शनिवार आम्हा बापलेकांचा.

पंतनगरचा

मी घाटकोपरला राहतो. 20 मे 2024 ची रात्र आमच्याकडे कुणी विसरणार नाही. उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला, तीसहून जास्त पक्षी मेले. गल्लीत, गच्चीवर गुलाबी पिसं पडली होती. त्या रात्रीपर्यंत मला ठाऊक नव्हतं की हे पक्षी आमच्या घरांवरून अंधारात जातात.

तेव्हापासून मे महिन्यात रात्री गच्चीवर बसतो. दिसत काही नाही, पण हंसांसारखा घोगरा कलकलाट वरून जातो तो ऐकू येतो. वेळ आणि दिशा लिहून ठेवतो. अशी नोंद तुमच्या वहीत चालेल का?

खाडीकाठचा (ऐरोली)

चालेल म्हणजे काय, हवीच आहे. कृपया जुन्या नोंदीही द्या. तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

सीवूड्स संध्याकाळ

एक वेगळा मुद्दा. भरतीला खाडीतला चिखल बुडतो तेव्हा हे पक्षी आमच्याकडे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. म्हणजे ऐरोलीला शून्य आणि आमच्याकडे दोनशे असं एकाच तासात होऊ शकतं. तुम्ही त्याला 'गेले' म्हणाल. दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं नाही तर ही तारीख खोटी ठरेल. यावर कुणी बोललंच नाही.

आकडेमोड

मुद्दा अगदी बरोबर. मग किमान रविवारी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजू. आणि एका दिवसाच्या शून्याला 'गेले' म्हणायचं नाही. लागोपाठ तीन मोजण्यांत नाही, तर शेवटच्या दिसलेल्या दिवसाला 'शेवटची नोंद' म्हणायचं. 'गेल्याची तारीख' हा शब्दच नको.

सीवूड्स संध्याकाळ

सहमत. रविवार आमच्या बाजूचा मी आणि 'नवी दुर्बीण' मिळून करतो.

दिव्याचा नाखवा

आणि जे जातच नाय त्यांचं काय? भर पावसात जूनला चिखलावर दोन-चार कोरल (ते लांब वाकड्या चोचीचे मोठे), चिखल्या दिसतात आम्हाला.

तुतवारप्रेमी

नाखवा, ते बहुतेक पहिल्या वर्षातले. पिल्लं घालायचं वय झालेलं नसतं, मग एवढा प्रवास कशाला करतील? पहिला उन्हाळा इथेच काढतात. त्यांचीही मोजणी व्हायला हवी, आणि जूनमध्ये खाडीवर तुमच्याशिवाय कोण असतं?

दिव्याचा नाखवा

मासेमारी बंद असते तेव्हा, वेळच वेळ. सोमवार घेतो. जूनपर्यंत.

खाडीकाठचा (ऐरोली)

पाडवा झाला, धाग्यावर परत आलो. काल रविवारी सुकती धरून गेलो, नाखवांच्या हिशेबाने. पहिला चिखल उघडा पडला तेव्हा समोर शंभर पावलांवर तुतवार उतरले. इतक्या जवळ चार वर्षांत कधी मिळाले नव्हते. मी तेव्हापर्यंत घड्याळ बघून येत होतो.

वही अशी आहे:

थापट्या: सोमवारी 22 (नाखवा), बुधवारी 9 (तुतवारप्रेमी), शुक्रवारी 9, शनिवारी 0, रविवारी ऐरोली 0, सीवूड्स 3.

त्या तीनमुळे मी त्यांची शेवटची नोंद अजून लिहिलेली नाही. सीवूड्सवाल्यांनी सांगितलं नसतं तर शुक्रवार लिहून मोकळा झालो असतो.

कर्ल्यू सँडपायपर: मोजलेल्या 60 पैकी 14 वर विटकरी रंग. दोघांची पोटं जवळपास पूर्ण लाल. एकाच्या पायात कडं आणि पिवळसर पट्टी होती, अक्षरं वाचायच्या आत उडाला. पुढच्या माणसाने तो दिसला तर कोणता पाय, पट्टी गुडघ्याच्या वर की खाली, रंग, अक्षरं, एवढं टिपावं आणि जमलं तर फोटो. पट्टीवरून त्याला कुठे कडं घातलं ते कळतं. नोंद बीएनएचएसला पाठवू.

काळ्या डोक्याचे कुरव: घणसोलीकरांच्या चिरंजीवांनी टोपीवाले 31, बिनटोपीचे 8 मोजले आणि एकाला 'टोपी अर्धी घातलेला' म्हणून वेगळा रकाना केला. तो रकाना आता वहीत कायम.

मंगळवार आणि गुरुवार रिकामे आहेत.

गणिताची बाई (कोपरी)

गुरुवारी सकाळची शाळा संपली की येते. दुपारचं ऊन असेल, पण सुकती तेव्हाच आहे. मंगळवारी कोण?

येऊरची माई

काल 'भ' होता. आज सकाळी झाड शांत आहे, फुली मारलीय. अजून दोन दिवस बघते, मग सांगते. मंगळवारी माझा नातू येईल खाडीवर, त्याला स्कोप (तिकाटण्यावरची दुर्बीण) कसा लावायचा ते कुणीतरी दाखवा.

दिव्याचा नाखवा

पाठवा त्याला. जेट्टीवर विचारा म्हणावं, कुणीही माझ्याकडं आणून सोडेल. मंगळवारी साडेनऊला चिखल उघडतो.